कोल्हापूरकरांना रडवायचं कसं? अ‍ॅरिस्टॉटलला विचारा!

इसवी सनपूर्व ४९३च्या सुमाराला अथेन्समध्ये फ्रिनिकस नावाच्या नाटककाराला एक हजार ड्राक्मांचा दंड झाला. गुन्हा काय, तर प्रेक्षकांना फार रडवलं! थोड्याच दिवसांपूर्वी इराणी फौजांनी मायलीटस हे ग्रीकांचं भरभराटीचं शहर धुळीला मिळवलं होतं. फ्रिनिकसने त्याच विषयावर नाटक लावलं आणि अख्खं प्रेक्षागृह ढसाढसा रडायला लागलं. आपल्याच माणसांचं दुःख उकरून काढल्याबद्दल दंड तर झालाच, वर हे नाटक पुन्हा कुणी करायचं नाही असा हुकूमही निघाला. नाटककाराला याहून मोठी दाद कुठली?

हे वाचून ‘ग्रीक लोक जरा अतीच’ असं म्हणायच्या आधी आपल्याकडचं आठवा. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आलं. द्रौपदीची विटंबना पाहून प्रेक्षक आधी कळवळायचे, मग मुठी आवळायचे. कारण कीचकाच्या जागी त्यांना लॉर्ड कर्झन दिसत होता. १९१०मध्ये इंग्रज सरकारने नाटकावर बंदी घातली. सुमारे चोवीसशे वर्षांचं अंतर आणि दोन्हीकडे सरकारला घाबरवलं ते प्रेक्षकांच्या डोळ्यांतल्या पाण्याने.

आता हे पाणी काढायचं कसं, याची कृती अ‍ॅरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’मध्ये लिहून ठेवली आहे. आणि ती तपासून बघायला कोल्हापूरइतकं सोयीचं गाव नाही. नाटक, सिनेमा, कादंबरी, तिन्हींत रडवण्याचा कारखाना या गावाने आणि जिल्ह्याने चालवला आहे.

कृती अशी

अ‍ॅरिस्टॉटलचे वडील राजवैद्य होते. मुलगाही भावनांकडे वैद्याच्याच नजरेने बघतो. ज्याच्या वाट्याला त्याच्या लायकीपेक्षा जास्त भोग येतात त्याची आपल्याला कणव येते, आणि तो माणूस आपल्यासारखाच असेल तर भीती वाटते. म्हणून नायक संत नको, कारण निव्वळ सज्जनाची वाताहत बघून फक्त किळस येते. नायक हरामखोरही नको, त्याची जिरली की आपण टाळ्या वाजवतो. मधला माणूस हवा. चारचौघांपेक्षा थोडा बरा, पण एका ठिकाणी चुकणारा. करुणा आणि भीती ही तांबड्या-पांढऱ्या रश्शासारखी जोडी आहे. एक वाटी आली की दुसरी मागवावीच लागते. नुसती करुणा आली तर नाटक रडगाणं होतं, नुसती भीती आली तर भुताटकी.

याचा आपल्याकडचा पक्का नमुना म्हणजे गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला सुधाकर. हुशार वकील, बायकोवर जीव, दोष एकच, मानी स्वभाव. कोर्टात अपमान होतो, तळीराम पहिला पेला पुढे करतो आणि संपलं. १९१९ साली पहिला प्रयोग बघायला आलेल्यांत कितीतरी वकील-डॉक्टर असतील. सुधाकरची घसरगुंडी बघून त्यांच्या पोटात गोळा आला नसेल, असं कोण म्हणेल?

कीचकाचं मुंडकं

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यावर ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला, साल १९२०. भीम कीचकाला मारतो ते दृश्य इतकं हुबेहूब वठलं की थिएटरात किंकाळ्या फुटल्या, काही जणांना तर भोवळ आली असं सांगतात. शेवटी ते दृश्य कापावं लागलं. लोकमान्य टिळकांनी मात्र पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

ग्रीकांकडेही अशी एक दंतकथा आहे. एस्किलसच्या एका नाटकात सूड घेणाऱ्या देवतांचा कोरस रंगमंचावर घुसला तेव्हा पोरं बेशुद्ध पडली आणि गरोदर बायकांचे गर्भ गळाले म्हणे. खरं-खोटं त्या देवतांना ठाऊक.

गंमत अशी की अ‍ॅरिस्टॉटलने दोघांनाही फार मार्क दिले नसते. नुसत्या देखाव्याने घाबरवणं हे कवीचं काम नव्हे, ते रंगपट सांभाळणाऱ्यांचं, असं त्याचं मत. गोष्ट अशी रचा की डोळे मिटून नुसती ऐकली तरी अंगावर काटा यावा. ग्रीक नाटकात म्हणूनच खून बहुतेक पडद्याआड व्हायचे. आतून किंकाळी, मग निरोप्या येऊन सगळं सविस्तर सांगणार आणि शेवटी चाकांच्या फळीवरून प्रेत बाहेर ढकलणार. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रालाही मृत्यू रंगमंचावर दाखवणं मंजूर नव्हतं. या एका मुद्द्यावर अथेन्स आणि भारत यांचं छान जमलं असतं.

पेंटर मात्र दोन्ही खेळ जाणत होते. १९२५च्या ‘सावकारी पाश’मध्ये मुंडकं नाही, रक्त नाही. सावकाराच्या कागदात अडकून जमीन गमावलेला एक शेतकरी आहे, तरुण व्ही. शांताराम त्या भूमिकेत. उजाड झोपडी आणि बाहेर विव्हळणारा कुत्रा एवढंच दृश्य, तेही मूकपटात. ज्यांनी ते पाहिलं त्यांना आयुष्यभर आठवत राहिलं. ऐकू न येणारा कुत्रा थिएटरला रडवतो, तेव्हा अ‍ॅरिस्टॉटलही खुर्चीतून उठला असता. त्यात शेतकऱ्याला बुडवणारा कुणी देव नव्हता, शाप नव्हता, होता तो अंगठा उठवलेला कागद. समोर बसलेल्या कितीकांच्या घरी तसलाच कागद असेल. म्हणजे करुणेला भीतीची जोड आयती मिळाली.

शेवट माहीत असूनही

शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले, रोमचं कलोसियम बघून आले आणि कोल्हापुरात खासबागेचं कुस्ती मैदान उभं राहिलं. त्याला खेटूनच १९१५ साली पॅलेस थिएटर झालं, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. एका भिंतीच्या अल्याड-पल्याड दोन वेगळ्या उत्कंठा. मैदानात कुणाची पाठ लागणार हे शेवटच्या डावापर्यंत कळत नाही, म्हणून हजारो लोक श्वास रोखून बसतात. नाट्यगृहात पौराणिक नाटकाचा शेवट पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतो, तरी लोक श्वास रोखतातच.

अँटिफॅनिस नावाच्या विनोदी नाटककाराने यावर चिडून लिहिलंय. शोकनाट्यवाल्यांची मजा आहे बुवा, असा त्याचा सूर. इडिपस एवढं नाव घेतलं की बाप, आई, पोरं, पुढं काय होणार, सगळं लोकांना पाठ. आम्हाला मात्र दर वेळी नवी गोष्ट जुळवावी लागते!

पण शेवट ठाऊक असण्यातच भीतीचं मर्म आहे. सोफोक्लीसच्या नाटकात राजा इडिपस ऐटीत जाहीर करतो की राजाच्या खुन्याला मी शोधून काढीन. तो खुनी इडिपस स्वतःच आहे हे प्रेक्षकाला माहीत आहे, त्याला नाही. आपण ओरडून सांगू शकत नाही, एवढंच.

आजऱ्याच्या शिवाजी सावंतांचा कर्ण

‘मृत्युंजय’ १९६७ साली आली. लेखक कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याचे. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण, प्रत्येकाने आपापली बाजू स्वतः सांगायची अशी रचना. महाराष्ट्रात ज्याने वाचनाचा नाद लावून घेतला त्याच्या उशाशी ही कादंबरी कधी ना कधी होतीच.

कर्ण आणि इडिपस यांची कुंडली जुळते. दोघंही जन्मतः टाकलेले, दोघंही परक्यांनी वाढवलेले, दोघांचाही घात जन्माच्या गुपिताने. फरक एका जागी आहे आणि तोच महत्त्वाचा. इडिपसला सत्य कळतं ते सगळं उरकल्यावर. कर्णाला ते युद्धाआधीच कळतं, आधी कृष्णाकडून, मग कुंतीकडून. समोर आपलेच भाऊ आहेत हे जाणून तो रथावर चढतो.

अ‍ॅरिस्टॉटलच्या प्रतवारीत अजाणता घडलेलं आणि मागाहून कळलेलं पाप जाणूनबुजून केलेल्यापेक्षा वरचढ. मग कर्ण दुसऱ्या नंबरवर? थांबा. महाभारतात इडिपस आहेच, फक्त तो कर्ण नाही. युद्ध संपल्यावर तर्पणाच्या वेळी कुंती म्हणते, कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ. तेव्हा कुठे धर्मराजाला आणि अर्जुनाला कळतं की आपण कुणाला मारलं. धर्मराज इतका होरपळतो की यापुढे बायकांच्या पोटात गुपित राहणार नाही असा शापच देऊन टाकतो. शोकांतिकेचं हे सगळ्यात धारदार वळण, पण आपले कीर्तनकार-नाटकवाले रथाचं चाक रुतलं की गहिवर आवरता घेतात. कर्णाचं मरण दाखवायला सगळे पुढे, अर्जुनाचं कळणं दाखवायला कुणी नाही. एखाद्या कोल्हापुरी नाटककाराने मनावर घ्यावं.

क्रेनवरून आलेला देव

प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली निघाली ती कोल्हापुरात. ‘अयोध्येचा राजा’ हा तिचा १९३२चा मराठी बोलपटही इथलाच. हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे, तारामती दुर्गाबाई खोटे. राज्य गेलं, बायको विकली, पोरगा गेला, राजा मसणात राबतो आणि शेवटी स्वतःच्या बायकोवर तलवार उगारतो. बायकांचे पदर भिजून चिंब. आणि नेमक्या त्या क्षणी देव प्रकट!

ग्रीकांकडे यासाठी चक्क यंत्र होतं. लाकडी क्रेनला टांगलेला नट वरून उतरायचा आणि गुंता सोडवून टाकायचा. अ‍ॅरिस्टॉटलला हे बिलकुल पसंत नव्हतं. गोष्टीचा उलगडा गोष्टीतूनच व्हावा, टांगलेल्या देवाकडून नव्हे, असं त्याचं म्हणणं. मात्र त्याच पुस्तकात तो असंही म्हणतो की हात उगारला आणि ऐन वेळी थांबला, ही रचना सगळ्यात चांगली. आधीच्या प्रकरणात इडिपससारखा दुःखान्त उत्तम म्हणतो आणि पुढच्यात हे. पंडित लोक या विसंगतीवर अजून भांडतात. हरिश्चंद्राचे प्रेक्षक तिकडे लक्ष न देता नाक पुसत बाहेर पडले.

चिमटीभर गंमत

पोलस नावाच्या ग्रीक नटाचा मुलगा वारला. काही काळाने त्याला सोफोक्लीसच्या ‘इलेक्ट्रा’त भावाचा अस्थिकलश छातीशी धरून रडायचं होतं. पुरुषच स्त्रीभूमिका करत. पोलसने खोटा कलश बाजूला ठेवला आणि स्वतःच्या मुलाच्या अस्थींचा कलश रंगमंचावर आणला. ते रडणं अभिनय नव्हतंच, असं जुन्या लेखकाने नोंदवलंय. ऐकतानाही नको वाटतं.

फेराईचा जुलमी राजा अलेक्झांडर ‘ट्रोजन विमेन’ बघता बघता उठून चालता झाला. नाटक आवडलं नाही म्हणून नव्हे. इतकी माणसं मारताना ज्याच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही, तो नाटकातल्या हेक्युबासाठी रडताना लोकांना दिसला तर काय म्हणतील, याची लाज!

इऑन नावाचा काव्यगायक सॉक्रेटिसला खरं ते सांगून टाकतो. करुण प्रसंग गाताना माझेही डोळे भरतात, भयंकर प्रसंगाला केस उभे राहतात. पण एक डोळा प्रेक्षकांवर असतो. ते रडले तर पैसे मिळून मी हसणार, ते हसले तर पैसे बुडून मी रडणार. नाटक कंपनीचा कुठलाही मालक मान डोलावेल.

युरिपिडीसने राजांना फाटक्या चिंध्यांत उभं केलं म्हणून अ‍ॅरिस्टोफेनिसने त्याची जाहीर टर उडवली. आपल्याकडे भरजरी शालूंसाठी गाजलेले बालगंधर्व ‘एकच प्याला’त ठिगळाच्या लुगड्यात आले, तेव्हा मात्र प्रेक्षक हळहळले.

‘राजा इडिपस’ला स्पर्धेत दुसरा नंबर मिळाला. पहिला आला एस्किलसचा भाचा फिलोक्लीस, ज्याचं एकही नाटक आज शिल्लक नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या कोल्हापूर केंद्रावर निकालानंतर जे तावातावाने बोलतात त्यांनी ही नोंद खिशात ठेवावी. युरिपिडीसच्या ‘मीडिया’ला तर तिसरा नंबर होता. स्पर्धक तीनच असायचे.

योगायोगाची भीती

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. छत कोसळलं, रंगमंच जळाला. बाहेर रस्त्यावर नट, तंत्रज्ञ, प्रेक्षक उभे राहून उघड्या डोळ्यांनी बघत होते, कित्येक जण हमसून रडत होते. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, संगीतसूर्य केशवराव भोसल्यांची जयंती होती.

आग अपघाताचीच म्हणू. पण तीच आग मेच्या एखाद्या मंगळवारी लागली असती तर इतकी जिव्हारी लागली असती का? अ‍ॅरिस्टॉटलने याचंही उदाहरण दिलंय. आर्गोस गावात मिटिस नावाच्या माणसाचा खून झाला. पुढे मिटिसचाच पुतळा बघत उभा असलेल्या खुन्यावर तो पुतळा कोसळला आणि खुनी जागीच मेला. घडलं योगायोगानेच, पण त्यामागे कुणाचा तरी हात आहे असं वाटतं, आणि असे योगायोग सर्वांत जास्त हलवून सोडतात, असं तो म्हणतो.

केशवरावांचं आयुष्यही तसलंच. १८९०चा जन्म, लहान वयात ‘शारदा’ गाजवलेली, १९०८ साली ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढलेली. ८ जुलै १९२१ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ झालं. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. मराठी रंगभूमीने असा प्रयोग आधी पाहिला नव्हता. ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. वय ३१. नाटककाराने असं लिहिलं असतं तर ‘जमवून आणलंय’ म्हणून आपण नाक मुरडलं असतं.

सगळ्यात ग्रीक मराठी सिनेमा

माझं मत विचाराल तर ‘पिंजरा’, १९७२. नाक मुरडू नका, आधी ऐका.

दिग्दर्शक कोल्हापूरचे व्ही. शांताराम. गाणी जगदीश खेबुडकरांची; ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या हळदीचे, पेशाने शिक्षक. आणि नायकही शिक्षकच. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर गावाचा आदर्श, तमाशाचा फड गावाबाहेर घालवायला निघालेला. मग तोच चंद्रकलेच्या नादाला लागतो. एक खून होतो आणि मास्तरच मेले असं गावाला वाटतं. गाव रडतं, त्यांचा पुतळा उभारतं. जिवंत मास्तर तिकडे तुणतुणं धरून फडाच्या मागे फिरतोय. शेवटी पोलीस त्याला पकडतात. आरोप काय? मास्तरांचा खून केल्याचा!

जरा थांबून बघा. इडिपस खुन्याला शोधायला निघतो आणि खुनी तोच निघतो. मास्तर स्वतःच्याच खुनाचा आरोपी होतो, आणि एका अर्थाने आरोप खराही आहे. खरं बोलला तर सुटेल; पण मग गावाचा आदर्श मरेल. म्हणून तो गप्प राहतो. अ‍ॅरिस्टॉटलची प्रत्येक अट इथे पुरी होते. माणूस चांगला, चूक एक, नशिबाचा पालट पूर्ण, आणि सत्य कळणं व पालट एकाच ठिकाणी. वरून क्रेनला टांगून कुणी देव उतरत नाही. आणि भीती? ती तर थेट. ज्याने कधी चारचौघांत नीतीवर दोन शब्द ऐकवलेत, अशा प्रत्येकाला त्या कोर्टात आपलं नाव पुकारल्यासारखं वाटतं.

हा सिनेमा गाण्यांसाठी आणि लावणीसाठी लक्षात राहिला, हा त्याच्यावरचा अन्यायच. म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी टीव्हीवर ‘पिंजरा’ लागणार असेल तर त्याआधी पु. ल. देशपांड्यांनी मराठीत आणलेलं ‘राजा इडिपस’, म्हणजे ‘राजा ओयदिपौस’, वाचून घ्या. पुस्तक छोटं आहे, एका बैठकीत होतं. मग सिनेमाला बसा आणि या वेळी फडाकडे कमी, तुणतुणं धरलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे जास्त बघा.